पुरणपोळीतलं कुठलं पद लोप पावलंय? (आफ्रिकान्सच्या निमित्तानं)

मध्यमपदलोपी समासाशी माझं पहिल्यापासनं जरा वाकडंच आहे. पुरणपोळी म्हणजे 'पुरण घालून केलेली पोळी', कांदेपोहे म्हणजे 'कांदे घालून केलेले पोहे', मधलं 'घालून केलेली' हे पद लोप पावलं म्हणून मध्यमपदलोपी, असं मी सांगलीत स्पर्धा परीक्षेच्या क्लासला शिकवते, पोरं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत मार्क मिळतो, विषय संपला. पण लोप पावलं म्हणजे आधी होतं ना? कधी होतं? कुणाची आजी 'आज पुरण घालून केलेली पोळी करूया गं' म्हणत होती आणि मग मधलं गळून पडलं, असं काही झालेलं नाही. तिथं काही नव्हतंच. आणि हे मला नीट पटलं ते मराठीच्या कुठल्या व्याकरणातनं नाही, साउथ आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेमुळं पटलं. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते.

आता सांगलीत बसून आफ्रिकान्स कुठनं आली हे विचारणारच तुम्ही. तर आमच्या चुलत दादाची तासगावकडं द्राक्षबाग आहे, आणि युरोपच्या बाजारात आपल्या मालाला साउथ आफ्रिकेच्या मालाशी टक्कर असते, त्यामुळं तिकडची माणसं छाटणी कशी करतात, घड कसे विरळतात याचे व्हिडिओ तो सारखा बघत असतो. हेक्स रिव्हर व्हॅली म्हणून केप टाउनच्या अलीकडं द्राक्षांचा मोठा पट्टा आहे. तर त्या व्हिडिओत ते शेतकरी मधेच आपसात बोलायला लागतात आणि दादा मला म्हणतो, तू भाषेची मास्तरीण ना, हे काय बोलतंय सांग की. तिथनं सुरुवात. द्राक्षबागेला ते 'विंगर्ट' म्हणतात, बेदाण्याला 'रोसेइंकी'. उच्चार मी कानाला ऐकू आला तसा लिहितेय, चुकला तर सांभाळून घ्या.

भाषेबद्दल थोडक्यात. १६५२ मध्ये डच कंपनीनं केपला ठाणं बसवलं, तिथं डच शेतकरी, मूळचे खोईखोई लोक, आणि इंडोनेशिया, मादागास्कर, शिवाय आपल्या बंगाल-मलबार किनाऱ्यावरनं गुलाम म्हणून नेलेली माणसं, या सगळ्यांच्या तोंडातनं डचचं जे झालं ते आफ्रिकान्स. 'खूप' याला त्यांचा शब्द 'बाया' (हसू नका), तो मलाय भाषेतनं आलाय. केपच्या मदरशांत ही भाषा अरबी लिपीत लिहायचे, आपल्याकडं मराठी मोडीत लिहायचे तसं. १९२५ मध्ये ती सरकारी भाषा झाली, पुढं वर्णद्वेषी सरकारची भाषा म्हणून बदनाम झाली, १९७६ चं जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतलं विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं ते शाळेत हिची सक्ती केली म्हणूनच. पण आज ही मातृभाषा असलेल्यांत गोऱ्यांपेक्षा गोरे नसलेलेच जास्त आहेत, हे आपल्याकडं कुणाला माहीत नसतं.

बरं, मुद्द्यावर येते. या भाषेत जोडशब्द करायची सवय एवढी जबरी आहे की प्राणीसंग्रहालयात गेल्यावर निम्मे प्राणी समासात सापडतात. जिराफ म्हणजे 'कामिअलपेर्ट', उंट-घोडा. साळिंदर म्हणजे 'एस्टरफार्क', लोखंडी डुक्कर. हिप्पो म्हणजे 'सिअकुई', समुद्र-गाय, आणि आपण त्यालाच पाणघोडा म्हणतो, म्हणजे प्राणी एकच, त्यांना गाय दिसली आपल्याला घोडा, आणि तो बिचारा यातला कुणीच नाही. सरड्याचा रंग बदलणारा जो भाऊ असतो, कॅमेलिअन, तो 'फरक्लिअरमानेकी', म्हणजे रंग बदलणारा छोटा माणूस. बुढ्ढी के बाल म्हणजे 'स्पुअक-आसेम', भुताचा श्वास! मला हा सगळ्यात आवडलाय. लिफ्ट म्हणजे 'हेइसबाक', वर ओढायची पेटी. आणि शेंगदाणा 'ख्रोंटबुइंकी', ख्रोंट म्हणजे जमीन, बुइंकी म्हणजे घेवडा-चवळीतलं काहीतरी द्विदल. भुई आणि मूग! डिट्टो.

आता भुईमुगात मूग आहे का? नाही. भुई तर सगळ्याच पिकांना लागते. तरी शब्द कळतो, कारण शेंग जमिनीत धरते हे आपल्याला आधीच माहीत असतं, शब्द फक्त तिकडं बोट दाखवतो. हेच म्हणणं रोनाल्ड लँगेकर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचं आहे. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात त्यानं १९७६ च्या सुमारास हे काम सुरू केलं, आधी त्याला 'स्पेस ग्रामर' म्हणायचा, १९८७ मध्ये पहिला जाडजूड खंड आला आणि नाव पडलं कॉग्निटिव्ह ग्रामर. त्याचं म्हणणं असं की शब्दाचे तुकडे म्हणजे विटा नाहीत की एकावर एक ठेवल्या आणि भिंत झाली. ते परांचीसारखे आहेत, बांधकाम उभं राहायला मदत करतात, पण परांची म्हणजे इमारत नाही. अर्थ तुकड्यांची बेरीज नसतो, तुकडे तुम्हाला अर्थापर्यंत नेतात आणि पुढचं तुम्हाला जगाबद्दल जे माहीत असतं त्यातनं भरलं जातं.

म्हणजे पुरणपोळीत लोप वगैरे काही नाही. पुरणपोळी कशी करतात हे आपल्याला माहीत आहे, बास.

हे तपासायला फार लांब जायला नको, गाड्या घ्या. बैलगाडी बैल ओढतो, मालगाडीला माल ओढत नाही, तो आत असतो. आगगाडी आगीवर चालायची, हातगाडी हातानं ढकलायची. दरवेळी 'गाडी'च्या आधीच्या शब्दाचं नातं वेगळं, आणि पुस्तक काय करतं तर दरवेळी एक वेगळं 'मधलं पद' शोधून काढतं आणि ते लोप पावलं म्हणून जाहीर करतं. आफ्रिकान्समध्ये पण तेच, 'ओस-अ-वा' म्हणजे बैलांनी ओढायची वॅगन, 'स्लापवा' म्हणजे झोपायची सोय असलेला रेल्वेचा डबा, झोप काही डबा ओढत नाही. द्राक्षवाल्यांना तर हे सांगायलाच नको. एप्रिलची ती खरड छाटणी, म्हणजे खरडून केलेली, ठीक. ऑक्टोबरची ती गोडी छाटणी. ती गोडीनं केलेली नसते, गोडी छाटून टाकत नाहीत, तिच्यानंतर फळ धरतं म्हणून गोडी. हे बागेत राबलेल्याला न सांगता कळतं आणि पुण्याच्या माणसाला विग्रह करून दिला तरी कळत नाही.

लँगेकरची अजून एक कल्पना मला फार कामाची वाटते. तो म्हणतो प्रत्येक शब्द एका मोठ्या चित्रातला एक भाग उजळवतो, उजळलेला भाग म्हणजे प्रोफाइल, मागचं अख्खं चित्र म्हणजे बेस. त्याचं उदाहरण भूमितीतलं आहे, कर्ण. कर्ण म्हणजे नुसती एक रेघ, पण मागं काटकोन त्रिकोण नसेल तर त्या रेघेला कर्ण म्हणता येणार नाही. जोडशब्दात मग प्रश्न एवढाच की कुठल्या तुकड्याचं प्रोफाइल अख्ख्या शब्दाला मिळालं. ऊसतोड घ्या, आमच्याकडं दिवाळीनंतर दुसरा विषय नसतो. ऊसतोड हा उसाचा प्रकार नाही, तोडीचा प्रकार आहे, म्हणजे प्रोफाइल 'तोड'चं. आणि 'तोड' म्हणलं की काय तोडलं याची एक रिकामी जागा त्यात आधीपासनंच असते, ऊस येऊन त्या जागेत बसतो. यात कुठं काही गाळलंय? जागा होती, भरली.

आणि कधीकधी कुठल्याच तुकड्याचं प्रोफाइल मिळत नाही. आफ्रिकान्समध्ये एक शब्द आहे 'लाट-लामेकी', लाट म्हणजे उशिरा, लाम म्हणजे कोकरू, उशिरा झालेलं कोकरू. वापरतात कुणाला, तर भावंडांनंतर बऱ्याच वर्षांनी झालेल्या पोराला. मेंढपाळ लोकांची भाषा, हंगाम संपल्यावर झालेलं कोकरू त्यांच्या डोळ्यासमोर असणार. आणि आपण काय म्हणतो? शेंडेफळ! शेतकरी माणसं आपण, आपल्याला शेंड्याला लागलेलं शेवटचं फळ दिसलं. दोन्हीत उजळलंय ते घरातलं धाकटं पोर, पण मागचं चित्र तिकडं कळपाचं आणि इकडं झाडाचं. हे वाचल्यावर मी क्लासला शेंडेफळ हा शब्द नुसता 'शेंड्याचे फळ, षष्ठी तत्पुरुष' असा सांगूच शकत नाही, तोंडातनं लाट-लामेकी येतंच, आणि पोरं एकमेकांकडं बघतात.

तो 'की' तुम्हाला आतापर्यंत दिसला असेल, मानेकी, लामेकी, बुइंकी. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या 'चल की, बस की' मधला नाही हां तो, नुसता योगायोग. तो त्यांचा लहानपण दाखवणारा प्रत्यय, शेवटच्या आवाजाप्रमाणं रूप बदलतो, झाड 'बुअम' तर झाडुकलं 'बुअम्पी', घर 'हेस' तर घरकुल 'हेसी'. पण लहान हा त्याचा नुसता एक अर्थ. लाडानं पण लावतात आणि हिणवायला पण, 'मानेकी' म्हणजे छोटा माणूस आणि टिल्लू माणूस दोन्ही. बिअरला लावला की एक ग्लास बिअर, म्हणजे पातळ वाहणारी गोष्ट मोजता येण्याजोगी होते. मिनिटाला लावला की 'एक मिनिटच हं' असं आर्जव. आणि बेदाण्याला, घेवड्याला तो इतका चिकटलाय की आता त्यात लहानपण कुणाला जाणवत पण नाही. डॅन जुराफस्की या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९९६ मध्ये जगभरच्या असल्या प्रत्ययांचा अभ्यास करून दाखवलं की मध्यभागी 'मूल' हा अर्थ असतो आणि बाकीचे त्याच्यापासनं फुटतात, लहान असतं म्हणून छोटं, लाडकं असतं म्हणून माया, किंमत देत नाही म्हणून तुच्छता. आपल्याकडं हे काम बरंचसं लिंग करतं, डबा-डबी, सुरा-सुरी, बंगला-बंगली, आणि नपुंसकात टाकलं की 'पोरगं', 'म्हातारं', ज्यात माया आहे की राग हे फक्त आवाजावरनं कळतं. त्यांचा पिकअप टेम्पो म्हणजे 'बाकी', बाक म्हणजे भांडं किंवा पेटी, त्याचं छोटं रूप. आपला छोटा हत्ती रस्त्यावरनं जाताना मला आता बाकीच आठवते.

आता खरी मजा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. डचला शब्द डबल करायची सवय नाही, आफ्रिकान्सला आहे, आणि आपल्यासारखी आहे. यामागं मलायचा हात असावा असं बरेच जण मानतात, कारण मलायमध्ये हे धो धो चालतं. तिकडच्या स्टेलनबॉश विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ रुडॉल्फ बोथा यांनी १९८८ मध्ये यावर अख्खा अभ्यास छापला, पण आधी नियम आणि मग त्यातनं शब्द असं मानणाऱ्या चौकटीतनं. नंतर गेरहार्ड फान हेइस्टीन यांनी तेच शब्द कॉग्निटिव्ह ग्रामरमधनं बघितले. ते पोचेफस्ट्रूमच्या नॉर्थ-वेस्ट युनिव्हर्सिटीतले, आणि पोचेफस्ट्रूम म्हणजे तेच, जिथं २०२० ला अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कपची फायनल आपण बांगलादेशकडून घालवली. गावाचं नाव ऐकून दादा अजून कळवळतो.

'प्लेक' म्हणजे जागा, 'प्लेक-प्लेक' म्हणजे ठिकठिकाणी. 'इअन-इअन' म्हणजे एकेक. 'आम्पर' म्हणजे जवळपास, 'आम्पर-आम्पर' म्हणजे अगदी होता होता राहिलं, आणि आपलं 'जवळजवळ' बघा, एकटा 'जवळ' तर शेजारी एवढंच सांगतो, डबल झाल्यावर तो 'ऑलमोस्ट' होतो. 'रक-रक' म्हणजे मधूनमधून. 'लाख' म्हणजे हसणं (हो, लाखच ऐकू येतं), 'लाख-लाख जिंकला' म्हणजे हसत हसत जिंकला, आणि मराठीसारखेच दोन्ही अर्थ, तोंडावर हसू होतं हा पण आणि काही कष्ट पडले नाहीत हा पण. फरक एवढाच की आपण 'हसत' असं रूप करून मग डबल करतो, ते धातू उघडाच डबल करतात. 'बिअकर' म्हणजे सरबताचा जग, 'बिअकर्स-बिअकर्स' म्हणजे जगच्या जग भरून सरबत, आपण तिथं मधे 'च्या' घालतो, पोतीच्या पोती हळद. नुसतं 'पोती पोती हळद' म्हणलं तर मार्केट यार्डातले हमाल हसतील.

आपल्याकडं याला अभ्यस्त शब्द म्हणतात आणि पुस्तकात त्याचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक असे तीन कप्पे असतात. हे कप्पे पडलेत आकारावरनं, अख्खा शब्द परत आला की अर्धा आला की आवाजाची नक्कल आहे. अर्थाचं काय? हळूहळू, जवळजवळ, मधूनमधून सगळे एकाच कप्प्यात. अर्थ विचारला तर उत्तर ठरलेलं, 'जोर येतो', डबल शब्द म्हणजे डबल अर्थ. मला हे उत्तर आळशी वाटतं. आफ्रिकान्समधलं 'नोउ' म्हणजे आत्ता. 'नोउ-नोउ' म्हणजे मग आत्ताच्या आत्ता असणार ना? नाही! 'नोउ-नोउ येतो' म्हणजे थोड्या वेळानं येतो, 'नोउ-नोउ इथं होता' म्हणजे थोड्या वेळापूर्वी होता. आत्ता दोनदा म्हणलं की आत्ता सोडून आजूबाजूचा वेळ! आपलं पण बघा, 'आत्ता आत्ता तर इथं होता', यात आत्ता नाहीच. फक्त आपलं मागं जातं, त्यांचं पुढं पण. आणि 'फाट' म्हणजे धरणं, पण 'बॅगेला फाट-फाट केलं' म्हणजे उचलावी की नको असा चाचपडत हात लावला. जोर वाढला कुठं, उलट कमीच झाला. मला यातनं दिसतं ते असं की डबल केल्यानं एक ठाम ठिपका पसरून त्याचा पट्टा होतो, तो पट्टा जागेत पसरला तर ठिकठिकाणी, वेळेत पसरला तर मधूनमधून, आणि पसरल्यावर कधी दाट वाटतो कधी फिका. हे माझं मत, पटत नसेल तर भांडा.

आणि मग खेळ. 'डोक्टर-डोक्टर', 'हेस-हेस', 'स्कुअल-स्कुअल', 'विंकल-विंकल'. अर्थ काय असेल सांगा बघू? डॉक्टर डॉक्टर, घर घर, शाळा शाळा, दुकान दुकान! तिकडची पोरं जे खेळतात आणि जे म्हणतात तेच आपली पोरं म्हणतात, सातासमुद्रापलीकडं. इथं कुठल्या तुकड्याचं प्रोफाइल? पहिल्या डॉक्टरमध्ये खेळ नाही, दुसऱ्यात पण नाही, दोन डॉक्टर म्हणजे पण खेळ नाही. खेळ हा अर्थ आला तो नुसत्या साच्यातनं, 'अमुक अमुक खेळूया' या साच्यालाच तो अर्थ आहे. लँगेकर याला स्कीमा म्हणतो. नियम आधी आणि शब्द नंतर असं नसतं, पोर चार खेळांची नावं ऐकतं, त्यातनं साचा आपोआप सुटतो आणि मग ते पाचवं नाव स्वतः पाडतं. पुरावा पाहिजे? २०१९ च्या महापुरानंतर आमच्या गल्लीतली पोरं गच्चीवर 'पूर पूर' खेळायची, एक जण एनडीआरएफवाला, एक जण अडकलेली आजी, पलंग म्हणजे बोट. पूर पूर हा शब्द त्यांना कुणी शिकवला नव्हता, कुठल्या कोशात नव्हता, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पण समजून सांगावा लागला नाही. हल्ली भाची 'रील रील' खेळते.

हे सगळं मी क्लासला थोडं थोडं सांगते, आणि दरवेळी पहिल्या बाकावरनं प्रश्न येतो, "मॅडम, हे आयोगाला विचारतात का?" नाही विचारत बाबा. विचारलं तरी पर्याय क्रमांक तीन, मध्यमपदलोपी, असंच उत्तर लिहा, मार्क घालवू नका माझ्या नादानं.

पण परवा तास लवकर संपला म्हणून फळ्यावर एक शब्द लिहिला. साउथ आफ्रिकेत नॉर्थ वेस्ट प्रांतात एक शेत आहे, त्याचं नाव इंग्रजी लिपीत ४४ अक्षरांचं, सलग, मधे एक जागा न सोडता. ट्विअ-बफल्स-मेट-इअन-स्कुअट-मोर्स-डुअट-खेस्कीट-फोन्टेन. दोन रानरेडे एका गोळीत जागच्या जागी ठार केले तो झरा. ब्लूमफाँटेनमधला फाँटेन तोच हा, झरा. म्हणलं करा विग्रह, ओळखा समास. बराच वेळ कुजबुज चालली, मग मागनं आटपाडीचा एक पोरगा उठला आणि म्हणला, "मॅडम, मध्यमपदलोपी?"

त्याच्या शेजारचा त्याला म्हणतो, "येड्या, लोप कुठाय, सगळंच लिवलंय की."